काचेचं बीडिंग बदलण्याआधी पाणी कुठून येतंय ते बघा

माझ्या वडिलांची फियाट ११०० डी आहे, १९६८ सालची. ती माझ्याकडे आली तेव्हा एका पावसाळी रात्रीनंतर सकाळी पायाखालचं मॅट उचललं, तर खालचा फोम पिळून घ्यावा इतका भिजलेला. ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले, दारांचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, गेलंय. मी चारही दारांचं बीडिंग बदललं. दोन दिवस त्यात गेले. पुढच्या पावसात मॅट पुन्हा ओलं. पाणी येत होतं पुढच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून. तिथून डॅशबोर्डच्या मागे पत्र्यावरून ओघळत ते पायापाशी साचत होतं. ते दाराजवळ दिसायचं म्हणून सगळ्यांनी दाराला दोष दिला, आणि मीही दिला.

त्यामुळे रबर विकत घ्यायच्या आधी एक सकाळ पाण्याची वाट शोधण्यात घालवा. नळीला कुठलाही फवारा लावू नका, नुसती बारीक धार पुरते. एक माणूस आत बसवा. माझ्याकडे हे काम माझा मुलगा करतो, हातात टॉर्च आणि मांडीवर टाल्कम पावडरचा डबा. आतले मॅट काढून पत्रा कोरडा पुसायचा आणि त्यावर पावडर भुरभुरायची. पाण्याचा एक थेंब जरी आला तरी पावडरीत काळी रेघ उमटते, आणि ती रेघ वर वर शोधत गेलं की उगम सापडतो.

धार खालून वर न्यायची. आधी दाराचा खालचा भाग, तीन-चार मिनिटं. मग जिथे काच दारात शिरते ती कड. मग काचेची चौकट, मग पुढच्या काचेची खालची कड, तिचे कोपरे, शेवटी छत. वरून सुरुवात केलीत तर पाणी खालच्या सगळ्या जागांवरून ओघळतं आणि नेमकी गळती कुठली ते कळत नाही. आमच्याकडे पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर धार गेली आणि दीड-दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "आई थांब, इथून येतंय, वायरींच्या मागून!" एवढं कळायला मला चार दारांचं रबर बदलावं लागलं होतं.

दारात पाणी शिरणारच

ही गोष्ट समजली की अर्धं काम सोपं होतं. खाली-वर होणारी काच आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये जी पट्टी असते ती काच पुसते, बाहेरचं बरंचसं पाणी आणि धूळ अडवते, पण पाणी पूर्ण बंद करत नाही. थोडं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतंच. ते तळाशी असलेल्या भोकांमधून बाहेर पडावं अशीच दाराची रचना असते. दाराला आतून लावलेल्या पुठ्ठ्याच्या पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद असतो, तो पोटातलं पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही.

म्हणून दाराच्या पॅडचा खालचा भाग फुगला असेल, त्याचा पुठ्ठा मऊ पडला असेल, तर रबराकडे बघण्याआधी तळाची भोकं बघा. जुन्या गाड्यांत ती गंजाच्या पापुद्र्यांनी, मातीने, नाहीतर गंज टाळायला कुणीतरी हौसेने मारलेल्या अंडरकोटिंगच्या जाड थराने बुजलेली असतात. बोथट तारेने मोकळी करा. माझ्या मागच्या उजव्या दारातून एवढं काळं पाणी निघालं की खाली ठेवलेला डबा भरला. ते दार तळाशी का गंजत होतं त्याचं उत्तर त्या डब्यात होतं.

रबर गेलंय की नाही ते कसं ओळखायचं

नखाने दाबा. चांगलं रबर दबतं आणि खूण लगेच नाहीशी होते. खूण राहिली, किंवा नख शिरतच नाही, तर ते गेलं. मग रबराचा मोकळा भाग दोन बोटांत धरून हलका वाकवा आणि वाकलेल्या बाजूला नीट बघा. आडव्या बारीक भेगांची रांग दिसेल. सरळ भागात रबर चांगलं वाटतं, पण कोपऱ्यात हमखास भेगा असतात. त्याला कारण आहे. नैसर्गिक रबरावर हवेतला ओझोन हल्ला करतो, आणि तो ताणलेल्या जागीच भेग पाडतो, ताणाच्या काटकोनात. कोपऱ्यात रबर वर्षानुवर्षं ताणलेलंच असतं. आता जे नवं बीडिंग मिळतं ते बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. त्याच्या रेणूच्या मुख्य साखळीत ओझोनला पकडायला दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ऊन आणि हवा ते कितीतरी जास्त वर्षं सोसतं. पर्याय असेल तर तेच घ्या.

दाराच्या चौकटीचं रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. थोडी ओढ लागून निघाली तर दाब ठीक. नुसती सुटून आली तर तिथे रबर टेकतच नाही. दर वीतभर अंतरावर हे करा आणि सुट्या जागी खडूने खूण करा. कधी कधी एकाच बाजूला सलग खुणा पडतात. तेव्हा दोष रबराचा नसतो, दार बिजागरीवर उतरलेलं असतं. ते आधी सरळ करावं लागेल, कितीही नवं रबर लावलं तरी ती फट भरणार नाही.

वाचवता येतं ते वाचवा. रबर मऊ आहे पण कडेने सुटलंय, तर जुना गोंद मिनरल टर्पेंटाइनने पुसून काढा आणि नव्याने चिकटवा. एखादी स्वच्छ चीर असेल तर ती कोरडी करून सुपर ग्लूचा एक थेंब आणि मिनिटभर बोटांचा दाब. पण कडक झालेलं रबर कुठल्याही पॉलिशने मऊ होत नाही. वरून काळं दिसतं, दोन धुण्यांत पुन्हा राखाडी होतं. त्यावर वेळ घालवू नका.

दाराच्या काचेचं चॅनेल आणि पट्ट्या

काच खडखडते, वर जाताना तिरकी होते, चौकटीपाशी पाणी आत येतं, या तिन्ही तक्रारी एकाच वस्तूच्या असतात: काच ज्यात सरकते ते लव असलेलं चॅनेल. त्याची लव झिजते, आतली पत्र्याची पट्टी गंजून फुगते आणि काचेवर उभे ओरखडे उमटायला लागतात. ओरखडे दिसले तर काच वापरणं थांबवा आणि चॅनेल आधी बदला.

आदल्या रात्री चौकटीतल्या सगळ्या स्क्रूंवर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. सकाळी काच पूर्ण वर असताना ती फिरवायचं हँडल कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा. हँडलच्या मागे बहुतेक गाड्यांत घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते, काहींत आडवी पिन. क्लिपसाठी खास हत्यार नसलं तरी चालतं. जुन्या सुती कपड्याची पट्टी हँडल आणि पॅडच्या मध्ये घालून, बूट पुसतात तशी दोन्ही टोकांनी मागे-पुढे ओढा. कापडाचे धागे क्लिपच्या टोकाला अडकतात आणि ती उडून येते. दुसरा हात वर धरा, नाहीतर ती क्लिप शोधण्यात तास जाईल.

पॅड निघालं की मागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नका. फाटलेला असेल तर त्यावरून जाड प्लॅस्टिकचा नवा कापून घ्या. त्याचं खालचं टोक दाराच्या आतल्या पत्र्यातल्या फटीतून पोटात सोडलेलं असतं, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी पुन्हा पोटातच पडतं. हे टोक बाहेर ठेवून कागद नीट चिकटवला तरी मॅट भिजतं. मी कितीतरी गाड्यांत हे उलटं लावलेलं पाहिलंय.

काच तिला वर-खाली करणाऱ्या दारातल्या मशीनवरून सोडवून बाजूला ठेवा, गादीवर किंवा घडी घातलेल्या घोंगडीवर, कधीच फरशीवर उभी नको. जुनं चॅनेल अख्खं काढायचा प्रयत्न करा, कारण तोच तुमचा नमुना. त्याची लांबी सरळ पट्टीने मोजू नका. चौकटीच्या खाचेत सुतळी फिरवा, दोन्ही टोकांना गाठ मारा आणि सुतळी मोजा.

नव्या चॅनेलचा बोटभर तुकडा कापून आधी काचेच्या कडेवर चढवून बघा. बोटाने ढकलला तर सरकला पाहिजे, पण काच उभी धरून हलवली तर वाजता कामा नये. घट्ट असेल तर तो आकार घेऊच नका. "वापरून सैल होईल" असं सांगणारे भेटतील, पण तोवर काचेच्या मशीनचे दाते झिजतात, आणि त्या जुन्या मशीनचे सुटे भाग मिळवणं चॅनेलपेक्षा कितीतरी अवघड आहे. काचेची जाडी व्हर्नियरने मोजून घ्या. बदललेली काच मूळच्यापेक्षा अर्धा मिलीमीटर जाड असली तरी सगळं गणित बदलतं.

कापताना मापापेक्षा पाच-सहा मिलीमीटर जास्त ठेवा. चॅनेल खाचेत थोडं दाबूनच बसायला हवं, नाहीतर पुढे कोपऱ्यात फट पडते. वाकवताना घाई केली की चॅनेलला घडी पडते आणि ती घडी काचेला कायम अडते. वळणाच्या जागी दोन्ही भिंतींना छोटी व्ही आकाराची खाच घ्या, तळ अखंड ठेवा, आणि अंगठ्याने हळूहळू वळवा. स्क्रू घट्ट करण्याआधी काच हाताने वर-खाली सरकवून बघा. सगळीकडे सारखी सरकली की मग मशीनला जोडा. लवेवर कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. तेल नको, ग्रीस तर अजिबात नको. तेलावर धूळ बसते आणि ती लव सँडपेपरसारखी काम करायला लागते.

काच बाहेर असतानाच कडेच्या दोन्ही पट्ट्या बदलून घ्या, आतली आणि बाहेरची. बाहेरची पट्टी बारीक स्प्रिंगच्या क्लिपांवर असते. आधी पत्र्याच्या रंगावर मास्किंग टेप लावा, मग बोथट हत्याराने एकेक क्लिप उचला. नव्या पट्टीचं टोक कापल्यावर कानशीने गोल करा, ते धारदार राहिलं तर दार उघडता-मिटताना रंगाला लागतं.

पुढची काच

हे काम दोघांचं आहे, एकट्याने करू नका. हातमोजे आणि गॉगल घाला. काच लॅमिनेटेड आहे की टफन्ड, ते कोपऱ्यातल्या खुणेवरून आधी बघा. लॅमिनेटेड काच कडेला ठोका बसला की तडकते. टफन्ड काच फुटली तर एका क्षणात तिचे बारीक दाणे होतात.

वायपर काढा. रबरात चकचकीत पट्टी असेल तर ती आधी एका टोकापासून सोडवा. जुनं रबर तुम्ही फेकणारच आहात, तेव्हा काच वाचवण्यासाठी ते कापा. रबराची बाहेरची पाकळी, म्हणजे काचेवर येणारी कड, काचेच्या पातळीत पात्याने सगळीकडून कापली की काच आतून वरच्या कोपऱ्यांपाशी तळहाताने ढकलून बाहेर येते. बाहेरच्या माणसाने ती धरलेली असावी.

आता चौकट दिसेल, आणि बहुतेक वेळा ती बघून वाईट वाटतं. माझ्या गाडीत आधी कुणीतरी व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन भरलं होतं. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि उघड्या पत्र्याला ते गंजवतं. वरून काळी, गुळगुळीत, छान दिसणारी रेघ होती. ती उचलल्यावर खाली पत्र्याचे तपकिरी पापुद्रे हातात आले. त्या जागी पत्र्याचा तुकडा वेल्ड करावा लागला. हे सिलिकॉन गाडीच्या जवळही आणू नका.

गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने उजळ पत्र्यापर्यंत घासा, खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. रंग पक्का वाळू द्या. मी आठ दिवस थांबले. गाडी ताडपत्रीखाली होती आणि रोज हात शिवशिवत होते, पण ओल्या रंगावर रबर बसवलं तर ते रंगाला चिकटतं आणि पुढच्या वेळी सोलून निघतं.

नवं रबर आधी काचेवर चढवा, टेबलावर घोंगडी घालून. लांबीत कापून जोडायचं असेल तर जोड सरळ भागात घ्या, कोपऱ्यात कधीच नाही, आणि रबर ताणू नका. उलट थोडं जास्तीचं कोंबून बसवा. ताणून बसवलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि जोड उघडतो.

यानंतर दोरी. चार-पाच मिलीमीटर जाडीची नायलॉनची दोरी रबराच्या आतल्या खाचेत, म्हणजे जिथे पत्र्याची कड बसणार त्या खाचेत, सगळीकडून भरायची. रिकाम्या बॉलपेनच्या नळीतून दोरी ओवून ती नळी खाचेत फिरवली की दोरी आपोआप बसत जाते. दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून हातभर पुढे जाऊ द्या आणि गाडीच्या आत मोकळी सोडा. रबर गरम पाण्यात बुडवून मऊ करून घेतलं असेल तर सगळंच हलकं जातं. खाच आणि पत्र्याची कड, दोन्हींना साबणाचं पाणी भरपूर लावा.

एक जण बाहेरून काच चौकटीत मध्यावर धरून तळहाताने दाबतो. दुसरा आतून दोरीचं एक टोक काचेला समांतर, काचेच्या मध्याकडे ओढतो. दोरी बाहेर येते तसतशी रबराची पाकळी पत्र्यावरून उलटून आत येते, आणि तो टप् टप् आवाज एकदा ऐकला की हात आपोआप त्या लयीत चालतो. थोडं एका बाजूने, थोडं दुसऱ्या बाजूने. बाहेरच्याने दोरी जिथे आहे तिथेच दाब द्यायचा, त्यासाठी दोघांनी बोलत राहायचं: "आता उजव्या कोपऱ्यात आले… थोडं वर… दाब." कोपऱ्यात दोन-दोन सेंटिमीटरच पुढे जा. दोरी अडली तर जोर लावू नका, ती रबर कापते. साबणाचं पाणी घाला, बाहेरून तळहाताने दोन थापा द्या, पुन्हा ओढा. सगळी दोरी बाहेर आली की आतून बोट फिरवून पाकळी कुठे दुमडून राहिली नाही ना ते बघा. राहिली असेल तर बांबूच्या गोल टोकाच्या पट्टीने बाहेर काढा. स्क्रूड्रायव्हर काचेच्या कडेजवळ नेऊ नका.

शेवटी न वाळणारं सीलंट. बाहेरची पाकळी पट्टीने किंचित उचलून नळीचं टोक खाली घाला, आधी रबर आणि पत्र्याच्या मध्ये, मग रबर आणि काचेच्या मध्ये. बाहेर आलेलं टर्पेंटाइनच्या कापडाने लगेच पुसा. पुढचा पूर्ण दिवस दाराची एक तरी काच खाली ठेवा. सगळ्या काचा बंद ठेवून दार जोरात लावलं तर आतली हवा ताज्या बसवलेल्या काचेला बाहेर ढकलते.

चकचकीत पट्टी बसवायला डोळ्याच्या आकाराचं हत्यार येतं. ते मागून आणा किंवा विकत घ्या, हाताने ती पट्टी बसत नाही आणि बोटं मात्र सोलतात.

उरलेलं

छोट्या तिकोनी काचेचं रबर साच्यातलंच घ्यावं लागतं, कापून जमत नाही. तिची खालची नट-स्प्रिंग सोडताना किती फेरे सुटले ते मोजून लिहून ठेवा, कारण काच वाऱ्यात उघडी राहते ती त्या स्प्रिंगच्या ताणावर.

दाराच्या चौकटीचं रबर चिकटवताना गोंद दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेल पण ओला लागणार नाही इतका वाळू द्या, मग बसवा. जोड खाली, पायरीच्या मध्यावर. नव्या रबरावर दार पहिले काही दिवस जड लागतं. घाबरून रबर तासू नका. दोन-तीन आठवड्यांनीही जड असेल तर लॉकच्या समोरचा स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा लॉक ज्यात अडकतो तो भाग, थोडा बाहेर घ्या.

आणि रबराला पेट्रोलियम जेली लावू नका. पहिल्या वेळी मी नव्या बीडिंगला प्रेमाने ती चोळली होती, दर महिन्याला. पेट्रोलियममधून येणारं कुठलंही तेल नैसर्गिक रबरात आणि ईपीडीएममध्ये मुरतं आणि ते फुगवतं. सहा महिन्यांत माझं रबर चिकट झालं, दार उघडताना चर्र आवाज करत सुटायचं आणि एका जागी त्याचा तुकडाच चौकटीला चिकटून राहिला. सौम्य साबणाचं पाणी, कोरडं कापड आणि वर्षातून दोन-तीनदा सिलिकॉन स्प्रेचा हलका हात, एवढंच त्याला लागतं.

सीलंट लावल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नळी काढली. मुलगा आत बसला, पावडर भुरभुरली, टॉर्च लावली. मी खालून वर गेले, प्रत्येक जागी तीन-चार मिनिटं, काचेच्या डाव्या कोपऱ्यावर तर दहा. दाराच्या तळाच्या भोकांतून स्वच्छ पाणी बारीक धारेने खाली पडत होतं. आतली पावडर पांढरी होती.